केनियात दोन महिने काम, महिनाभर भटकंती : तयारी कुठून सुरू करायची?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका कृषी पदवीधर मुलीचा आहे. वय चोवीस, नोकरीला लागण्याआधी तीन महिने हाताशी. एका एजन्सीमार्फत केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहराजवळच्या बालगृहात दोन महिने मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि मग महिनाभर सॅक पाठीला लावून मसाई माराचं अभयारण्य, मोम्बासा, युगांडा, जमलं तर झांझिबार. एजन्सी १५०० डॉलर मागते आहे, विमानभाडं वेगळं. सॅकमध्ये काय भरू, लसी कोणत्या, व्हिसा कसा, घाबरलेल्या आई-बाबांना काय सांगू, असं तिने विचारलंय. मी त्या भागात शेतकरी गटांबरोबर काम केलंय आणि आता तिकडे जाणाऱ्यांची तयारी करून घेते, म्हणून जरा लांबच लिहिते.

तुमच्या यादीत सॅक सगळ्यात वर आहे आणि कामाबद्दल एकही प्रश्न नाही. तिथेच मला थांबावंसं वाटलं. काय काम करणार, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या परवानगीवर, हे ठरलं की कधी जायचं, कोणत्या गोळ्या घ्यायच्या, कोणते कपडे न्यायचे, घरी काय सांगायचं हे त्यातूनच ठरत जातं.

आधी बालगृहाचं बोलू. तिथे जाऊ नका. अशा संस्थांमधली बरीच मुलं अनाथ नसतात. आई, वडील, आजी, मामा कोणीतरी असतं. शाळेचा खर्च आणि दोन वेळचं जेवण यांसाठी मूल तिथे पोचतं. परदेशी पाहुणे आणि त्यांच्यामागून येणाऱ्या देणग्या सुरू राहिल्या की संस्था भरलेली ठेवण्यातच काहींचा फायदा होऊ लागतो. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ असा दहा वर्षांचा कार्यक्रम आखला, त्याचा सगळा रोख मुलांना कुटुंबात परत नेण्याकडे आहे. सरकार ज्या दिशेने निघालंय त्याच्या उलट दिशेला तुमचे १५०० डॉलर जाणार. शिवाय दर दोन महिन्यांनी नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते, हे लहान मुलांना किती वेळा सोसायला लावायचं?

इंग्रजीचं म्हणाल, तर इंग्रजी ही तिथली राजभाषा आहे आणि वरच्या इयत्तांचं शिक्षण इंग्रजीतूनच होतं. शिक्षकी शिकून नेमणुकीची वाट बघणारे तरुण त्यांच्याकडेही भरपूर आहेत. तुमच्याकडे पदवी शेतीची आहे आणि गंमत म्हणजे तुम्ही निवडलेला भाग मका-उसाचा आहे. मुहोरोनी, चेमेलिल, मिवानी हा किसुमूच्या पूर्वेचा पट्टा उसाचा. तिथल्या साखर धंद्याच्या सुरुवातीत रेल्वे बांधणीच्या काळात आलेल्या भारतीयांचा मोठा हात होता. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये दिसली आणि भारतात २०१८ मध्ये, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी तिच्याशी आपल्याआधी झुंज घेतलीय. पोंग्यातली, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांतली, विष्ठा बघून अळी कोणत्या अवस्थेत आहे हे सांगता येणारी मुलगी तिथल्या शेतकरी गटाला पहिल्या आठवड्यापासून कामाची आहे.

शिकण्यासारखंही तिथे खूप आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिटा इथे ‘इसिपे’ या कीटकशास्त्र संस्थेचं केंद्र आहे. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि शेताच्या कडेने नेपियर गवत लावायची ‘पुश-पुल’ पद्धत या संस्थेने इंग्लंडच्या रॉथॅमस्टेडबरोबर विकसित केली. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिडीचे पतंग मक्यापासून दूर राहतात, नेपियर त्यांना कडेला ओढून घेतं, आणि डेस्मोडियमच्या मुळांमुळे स्ट्रायगा, म्हणजे आपल्या ज्वारीतला टारफुला, हटतो. वर जनावरांना चारा मिळतो. ज्यांच्या गोठ्यात नेपियर आधीच आहे अशा आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगायला तुम्हाला तासही लागणार नाही. म्हणून म्हणते, तिथे काही द्यायला जाताना घ्यायची तयारीही ठेवा.

अशी जागा शोधायची कशी? ‘मी काहीही काम करीन’ असं पत्र लिहू नका. असं पत्र वाचून संस्थेला तुमच्यासाठी काम शोधत बसावं लागतं. एका पानावर चारच गोष्टी लिहा: मला काय येतं, किती आठवडे येऊ शकते, कोणती भाषा येते, काय येत नाही. मग ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या माणसाशी व्हिडिओवर बोला. एजन्सीच्या पुण्या-दिल्लीतल्या माणसाशी बोलणं म्हणजे ते बोलणं नव्हे. त्याला विचारा की हे काम माझ्याआधी कोण करत होतं आणि मी गेल्यावर कोण करणार. ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं तर ते काम तुमच्या हौसेसाठी उभं केलंय असं समजा. संस्थेची नोंदणी विचारा. केनियात २०१३ चा सार्वजनिक हित संस्थांचा कायदा मे २०२४ पासून लागू झालाय, त्यामुळे खरी संस्था नोंदणीबद्दल न अडखळता बोलते. पैसे मागितले म्हणजे फसवणूकच असं मात्र नाही. राहणं, जेवण, तुमच्याबरोबर हिंडणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याचा वेळ यांना खर्च येतोच. त्याचा तपशील तिथल्या चलनात, म्हणजे शिलिंगमध्ये, मागा. १५०० डॉलरपैकी किसुमूत किती पोचतात, याचं उत्तर द्यायला जी एजन्सी टाळाटाळ करते तिचा नाद सोडा. मुलांशी संबंध येणारं कोणतंही काम असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढून न्या. संस्थेने तो मागितलाच नाही, तर मी त्या संस्थेबद्दल सावध होईन.

जायच्या आधी दोन-तीन महिने संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाची ऑनलाइन कामं बघा. घरबसल्या एखाद्या संस्थेचं भाषांतर, तक्ते, माहितीपत्रक असं काही करून दिलंत की अनोळखी लोकांबरोबर काम करणं जमतंय का हे कळतं, आणि पुढच्या अर्जाला वजनही येतं.

आता कागदपत्रं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, म्हणजे ईटीए, सुरू केली. शुल्क ३० डॉलर. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पानं याचे दुप्पट-तिप्पट घेतात, तेव्हा पत्ता नीट बघा. आणि ही परवानगी पर्यटकाची आहे. बिनपगारी काम हेही कामच, असं तिथलं इमिग्रेशन खातं धरतं. थोड्या काळाच्या कामासाठी ‘स्पेशल पास’ असतो आणि त्याचा अर्ज तुम्हाला बोलावणारी संस्था करते. एजन्सी जर म्हणत असेल की ‘विमानतळावर विचारलं तर फिरायला आले म्हणा, सगळे तसंच करतात’, तर पकडलं गेल्यावर दंड भरायला आणि परतीचं विमान धरायला तुम्ही एकट्याच असणार हे लक्षात घ्या. पासचं नक्की झाल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशांचं तिकीट काढू नका.

कधी जायचं? बहुतेकजण मसाई मारामधल्या विल्डबीस्ट या मोठ्या हरणांच्या स्थलांतराच्या मोसमाकडे, म्हणजे जुलै ते ऑक्टोबरकडे बघून तारखा ठरवतात. तुम्ही पेरणीकडे बघा. पश्चिम केनियात मोठा पाऊस मार्च ते मे, मक्याची मुख्य पेरणी त्याच वेळी. मार्चच्या मध्यावर पोचलात तर पेरणीपासून अळीच्या पहिल्या हल्ल्यापर्यंत सगळं हाती लागेल आणि जूनच्या मध्यावर परत याल. चिखल भरपूर असेल, त्याला इलाज नाही. याचा एक फायदा पैशांचाही आहे: मसाई मारात परदेशी माणसाला दिवसाचं शुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत २०० डॉलर आहे. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडताना दिसणार नाहीत. सिंह, हत्ती, जिराफ मात्र बारा महिने तिथेच असतात. एक तारीख डोक्यात ठेवा. केनियाची सार्वत्रिक निवडणूक दर पाच वर्षांनी ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी होते, पुढची १० ऑगस्ट २०२७ ला. किसुमू हे राजकारणाने पटकन तापणारं शहर आहे. त्या वर्षी जाणार असाल तर जुलै ते सप्टेंबर टाळा. एरवीही मोर्चा दिसला की उलट्या दिशेने चालू लागा. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी जून-जुलैत मोठी आंदोलनं झाली आणि त्यांत माणसं मेली.

तब्येतीच्या बाबतीत मी कडक आहे.

यलो फीव्हरची लस घ्यावीच लागेल, आणि ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रावरच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर या दोन्हींच्या आरोग्य संघटना ती देतात. दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. युगांडात शिरताना तो मागतात. पण आपली माणसं खरी अडकतात ती परतताना: केनिया किंवा युगांडातून दाखल्याशिवाय मुंबईत उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगा, कारण ही जिवंत लस आहे. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात यांचं त्याच भेटीत विचारून घ्या. गोठ्यांत आणि वस्त्यांवर फिरणार असाल तर रेबीजच्या आगाऊ लसीचंही विचारा. खेड्यातून कुत्रा चावल्यावरचे उपचार मिळायला वेळ लागू शकतो.

मलेरियाबद्दल आपल्याकडे एक धोकादायक बेफिकिरी आहे. ‘आपण डासांतच वाढलो, आपल्याला काय होतंय!’ तुम्हाला काहीही प्रतिकारशक्ती नाही. तिथे जवळजवळ सगळा मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे दोन दिवसांत माणूस अत्यवस्थ करणारा, आणि सरोवराकाठचा पट्टा हा केनियातला सर्वात जास्त मलेरियाचा. नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर असल्याने तिथे धोका कमी, पण तुम्ही राहणार किसुमूला. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरकडून लिहून घ्या. डॉक्सीसायक्लिन दिली तर ती रोज घ्यायची, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते. उन्हाने कातडीही पटकन पोळते, म्हणून शेतात पूर्ण बाह्या आणि टोपी. मच्छरदाणी रोज, गोळ्या चालू असल्या तरी. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, ‘उद्या बघू’ नको. किसुमूत मोठी रुग्णालयं आहेत, जायची सोय आहे. परतल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर सांगलीच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की केनियाहून आलेय.

सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी पाण्यात उतरू नका. काठच्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया या परजीवी आजाराचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीतून शरीरात शिरतात. विमा काढताना तीन गोष्टी छापील अटींत शोधा: स्वयंसेवी काम चालतं का, मोटरसायकलवरचा अपघात धरतात का, आणि गंभीर आजारात दुसऱ्या शहरात किंवा भारतात हलवण्याचा खर्च देतात का. मोटरसायकलचं कारण ‘बोडाबोडा’. ही भाड्याची मोटरसायकल तिथे आपल्या रिक्षासारखी सगळीकडे असते आणि तिचे अपघातही तितकेच. हेल्मेट नसेल तर बसू नका. स्वतःचं नेलंत तर कोणी हसेल, हसू दे.

आता भटकंती. महिन्याभरात मारा, मोम्बासा, युगांडा आणि झांझिबार हे बसमध्ये बसून राहण्याचं वेळापत्रक आहे. एक दिशा धरा. तुम्ही किसुमूत असाल. युगांडाची सीमा तिथून बसने काही तासांवर आहे. मी असते तर काम संपल्यावर तीन दिवस मारा, परत येऊन काकामेगाचं जंगल, मग बुसियाहून सीमा ओलांडून जिंजा. तिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते, आणि काठावर गांधीजींचा पुतळा आहे, कारण १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता. मग कंपाला, फोर्ट पोर्टलकडची तळी, आणि परतीचं विमान एंटेबेहून. जाताना नैरोबी, येताना एंटेबे असं तिकीट काढलं की केनियात पुन्हा शिरायचा प्रश्नच उरत नाही. युगांडाचा साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलर. केनिया, युगांडा, रवांडा या तिन्हींचा मिळून ९० दिवसांचा व्हिसा १०० डॉलरला मिळतो, पण तोही फिरण्यापुरताच. काम करायला पास लागणार असल्याने तुम्हाला त्याचा उपयोग कमी. गोरिला बघायचं परमिट युगांडात ८०० डॉलरला आहे. मी यावेळी सोडून देईन. समुद्राची ओढ जास्त असेल तर युगांडा सोडा आणि २०१७ साली सुरू झालेल्या रेल्वेने मोम्बासाला जा. १५९० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला फोर्ट जीझस आणि जुन्या बंदराच्या गल्ल्या बघून वसई-रेवदंडा पाहिलेल्या माणसाला फार परकं वाटणार नाही. नैरोबी-मोम्बासा महामार्गावर माकिंदूला गुरुद्वारा आहे. वाटसरूला तिथे लंगर मिळतो आणि राहायची सोयही होते.

रात्रीचा रस्त्याचा प्रवास करू नका. याला अपवाद नाही. नैरोबीत पहिल्या रात्री अंधार पडल्यावर उतरत असाल तर मुक्कामाच्या ठिकाणाहूनच गाडी मागवा. वेळ विचारताना एक घोळ होतो: स्वाहिलीत घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं, म्हणजे त्यांचा ‘एक’ म्हणजे आपले सकाळचे सात. गावातल्या माणसाने ‘गाडी दोनला’ सांगितलं तर सकाळच्या आठची असू शकते. इंग्रजीत पुन्हा विचारून घ्या.

पैशांचं थोडक्यात. तिथे सगळं एम-पेसावर चालतं, २००७ पासून. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या आणि त्यावर खातं उघडा. भाजीवालीपासून मटाटूच्या, म्हणजे तिथल्या वडापच्या, कंडक्टरपर्यंत सगळे त्यावर पैसे घेतात, आणि अगदी लहान गावातही पैसे भरायला-काढायला टपरी असते. आपलं यूपीआय तिथे धरून चालू नका. रोख डॉलर ३००० पर्यंत नेता येतात, तुम्हाला एवढे लागणारही नाहीत. नव्या छपाईच्या, न मुडपलेल्या नोटा मागून घ्या, जुन्या तिथे परत करतात. बाकी फॉरेक्स कार्डवर, आणि दुसरं कार्ड वेगळ्या पिशवीत.

सॅक एकदाची आली. सह्याद्रीत दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला नेता ती ४५-५० लिटरची पुरे, भरून दहा-अकरा किलो. काय न्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, दंड लाखो शिलिंगचा आणि तुरुंगाचीही तरतूद. आईने चिवडा-लाडू भरून दिलेल्या पिशव्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत काढा. लष्करी छाप्याचे कपडे नेऊ नका, ट्रेकवाल्यांकडे अशी पँट हमखास असते. आणि तुम्ही शेतीवाल्या म्हणून मुद्दाम सांगते: बियाणं नेऊ नका, कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी. परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावर जप्त होतं, आणि व्हायलाच हवं. बाकी हेडटॉर्च, चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर, गुडघे झाकणारे सुती कपडे, एक बऱ्यापैकी स्वेटर (जूनमध्ये नैरोबीत थंडी वाजते), गमबूट तिथेच घ्या. शाकाहारी असाल तर उपास घडणार नाही: उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा (पालेभाजी), चपाती आणि न्देंगू, म्हणजे मुगाची उसळ, सगळीकडे मिळते. रस्सा मटणाचा नाही ना एवढं विचारा.

एक गोष्ट कोणी आगाऊ सांगत नाही. तिथे भारतीय म्हणजे दुकानदार, कारखानदार, मालक अशी ओळख आहे, आणि त्या मालकीच्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत. ‘मुहिंदी’ अशी हाक ऐकू येईल. त्यात चिडण्यासारखं काही नाही, पण आपल्या घरात रंगावरून सहज होणारी बोलणी तोंडातून निघाली तर गोष्ट वेगळी. मराठीतून म्हटलं तरी चेहऱ्यावरून कळतं. फोटो काढण्याआधी विचारा, मुलांचा तर पालकांना विचारून. गोळ्या-बिस्किटं वाटू नका. किसुमूत लुओ लोकांची भाषा धोलुओ. ‘एरोकामानो’, म्हणजे धन्यवाद, एवढं जरी पहिल्या दिवशी म्हणालात तरी बाजारातल्या बायका खूश होतात.

आई-बाबांना ‘तिथे काही होत नाही’ असं सांगू नका, ते पटणार नाही. त्यांच्या हातात एक कागद द्या: संस्थेचं नाव-पत्ता, तुमच्या वरिष्ठांचा फोन, विमा कंपनीचा आपत्कालीन क्रमांक, नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक, पासपोर्टची प्रत, भटकंतीच्या महिन्यातले मुक्काम तारखांसह. संस्थेच्या माणसाबरोबर त्यांचा एकदा व्हिडिओ कॉल करून द्या. भाषा अडली तरी चेहरा दिसतो आणि तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. रोज फोन करीन असं वचन मात्र देऊ नका. गावात वीज जाते, रेंज जाते, आणि एक दिवस फोन चुकला की सांगलीत रात्रभर कोणी झोपणार नाही. आठवड्यातले दोन वार ठरवा आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते हे त्यांच्या घड्याळाखाली लिहून ठेवा.